पुळणीची वाळू आणि पाण्याखालची मोजणी

(किनारपट्टीतील बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुमच्यापैकी पुष्कळजणांचे दादरला येणेजाणे असते. कुणी वसई-पालघरकडून मोगरा आणि चाफा घेऊन पहाटेच्या गाडीने फुलबाजारात उतरतो, कुणी हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन येतो. माल विकला, पट्टी हातात पडली की परतीच्या गाडीला थोडा वेळ असतो. पुढच्या खेपेला तेवढ्या वेळात स्टेशनपासून पश्चिमेला शिवाजी पार्कवरून सरळ समुद्राकडे चालत जा. चैत्यभूमीच्या शेजारी दादरची चौपाटी आहे. ओहोटी असेल तर पुळण चांगली रुंद दिसेल. उधाणाची भरती असेल तर काही ठिकाणी पाणी थेट भिंतीला लागलेले दिसेल, आणि पुळण गेली कुठे असा प्रश्न पडेल.

मुंबईच्या चौपाटीचा आणि आपल्या शेतीचा काय संबंध, असे कुणाच्या मनात येईल. संबंध असा आहे की हाच प्रश्न आपल्या वाडीच्या पश्चिम कुंपणाशी येऊन उभा आहे. आधी पुळणीवरची मर्यादवेल जाते, मग सुरूची पहिली रांग आडवी होते, मग माडांची मुळे उघडी पडतात आणि शेवटी विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते. गाव मग एकमुखाने मागणी करते की दगडाची भिंत बांधून द्या. ही मागणी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. जिथे घरे आणि खारभूमीचे बांध धोक्यात आहेत, तिथे भिंत लागते. पण भिंतीच्या आधी आणि वाळूची भर घालण्याच्याही आधी, पाण्याखालच्या तळाची मोजणी मागितली पाहिजे. आजचे सारे बोलणे या एका मागणीविषयी आहे. उदाहरणासाठी दादर आणि गिरगाव घेतले आहेत, कारण या दोन्ही चौपाट्या सर्वांनी पाहिलेल्या आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकींपासून वेगळे आहेत.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला. त्यात सुमारे ३४ टक्के किनारा धुपत असल्याचे, २७ टक्के किनाऱ्यावर भर पडत असल्याचे आणि उरलेला स्थिर असल्याचे आढळले. महाराष्ट्रात धूप होणारा भाग सुमारे २५ टक्के आहे, भर पडणारा १० टक्के. आपल्याकडे खडकाळ टोके पुष्कळ असल्याने किनाऱ्याचा मोठा भाग स्थिर दिसतो. मात्र खडक स्थिर राहिला म्हणून दोन खडकांमधली पुळण स्थिर राहते असे नाही, आणि आपल्या वाड्या त्या पुळणींच्याच मागे आहेत. शिवाय उपग्रहचित्रात पाण्याची कडा दिसते, पाण्याखालचे काही दिसत नाही. खरा हिशेब तिथे असतो.

पुळणीचा जमाखर्च

पुळण म्हणजे डोळ्यांना दिसणारी कोरडी वाळू, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सुरूच्या रांगेपासून सुरू होऊन पाण्याखाली काही मीटर खोलीपर्यंत गेलेला तो एकच उतार आहे. या उतारावर वाळू वर्षभर येजा करते. पावसाळ्यात उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा वरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा आडवा बांध घालतात. त्या बांधावर पुढच्या लाटा फुटतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा मारा थोडा कमी होतो. दसरा-दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की लांब, मंद लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. कोळी बांधवांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. होड्या ओढून ठेवण्याच्या जागा ते त्या बेतानेच बदलतात.

म्हणून ऑगस्टमध्ये पुळण खचलेली पाहून ‘किनारा गेला’ म्हणणे म्हणजे धान्य कणगीत भरलेले असताना खळे रिकामे पाहून पीक बुडाले म्हणण्यासारखे आहे. उलट फेब्रुवारीत रुंद पुळण पाहून निर्धास्त होणेही धोक्याचे. वर आलेली वाळू तेवढीच आहे का, की दरवर्षी थोडी कमी परत येते, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

या उताराला खालच्या बाजूला एक हद्द असते. समुद्रात जसजसे खोल जावे तसतसा लाटांचा तळावरचा जोर कमी होतो. एका विशिष्ट खोलीच्या पलीकडे वर्षभरात तळाची पातळी जवळजवळ बदलत नाही. अभियंते तिला बंद होण्याची खोली म्हणतात. आपण तिला पुळणीचा पाण्याखालचा बांध म्हणू. वरचा बांध सुरूच्या रांगेत आणि खालचा या खोलीवर. या दोन बांधांमधल्या सगळ्या शेताची मोजणी झाली तरच जमाखर्च जुळतो. फक्त कोरडा भाग मोजणे म्हणजे शेताचा एक कोपरा मोजून सात-बारा लिहिण्यासारखे आहे. ही खोली सगळीकडे सारखी नसते. उघड्या समुद्रासमोरच्या पुळणीला ती जास्त असते, आडोशाच्या उपसागरात कमी.

गिरगाव आणि दादर

गिरगावची चौपाटी मलबार हिलच्या पायथ्याशी, बॅकबेच्या आतल्या टोकाला आहे. एका बाजूला टेकडीचे खडकाळ टोक आणि दुसऱ्या बाजूला मरीन ड्राइव्हची भिंत, अशा खिशात ती बसली आहे. अशा पुळणीत बाहेरून वाळू फारशी येत नाही आणि फारशी जातही नाही. आहे तीच मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकते. तिथे भर घातली तर ती टिकण्याची शक्यता बरी असते, पण एकदा गमावलेली वाळू आपण होऊन भरून येत नाही.

उतार मंद असला म्हणजे काय होते ते गिरगावात अनंत चतुर्दशीला दिसते. पाणी थोडे चढले की कडा बरीच आत सरकते आणि पायाखालची खोली तासाभरात बदलते. २०२५ साली लालबागच्या राजाचे विसर्जन भरतीच्या वेळेमुळे कित्येक तास लांबले, ते सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. आपल्या मोजणीच्या दृष्टीने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की इथे तळाची खोली सांगताना पाण्याची पातळी कोणत्या घटकेची, हे न सांगितल्यास त्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

दादर-प्रभादेवीची पुळण माहीमच्या उपसागरात आहे. दक्षिणेला वरळी कोळीवाड्याचे टोक, उत्तरेला वांद्र्याचे टोक आणि मध्ये माहीमच्या खाडीतून येणारी मिठी नदी. मिठीच्या वरच्या अंगाला विहार तलाव १८६० मध्ये आणि पवई तलाव १८९१ मध्ये पुरा झाला. वरचा गाळ आणि रेती अडवण्याचे काम कोणताही तलाव करतोच, त्यामुळे खाली येणाऱ्या मालात बदल होतो. तुमच्या नदीवर धरण असेल तर हेच तुमच्या खाडीच्या मुखाशीही घडत असणार. दादरला किनाऱ्याच्या कडेने भिंती आणि इमारती आहेत, पावसाचे पाणी आणणाऱ्या मोठ्या नाल्यांची तोंडे पुळणीवरच उघडतात आणि ओहोटीच्या वेळी त्यांचे पाणी वाळूतून चर पाडत जाते. भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट भिंतीच्या पायाशी खणते. उपसागराच्या उत्तर अंगाला वांद्रे येथे भराव झाला, २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला आणि वरळीच्या दक्षिणेला किनारी रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव घालून त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला.

यातल्या कशामुळे दादरची किती वाळू हलली? पुळणीवर फिरायला येणारा प्रत्येकजण ठामपणे उत्तर देतो, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. हा वाद मतांनी मिटणारा नाही. त्याच जागेची, त्याच रेषांवरची जुनी आणि नवी तळमोजणी शेजारी ठेवली तरच तो मिटू शकतो. २०१० नंतरच्या काळात महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने दादर-प्रभादेवीच्या पट्ट्यात पुळण रुंद करण्याचे काम हाती घेतले होते. अशा कामाचा गुणदोष ठरवायचा तोही याच मार्गाने.

तळाविषयीचा अंदाज चुकला की काय होते, याचा धडा याच शहरात शंभर वर्षांपूर्वी मिळालेला आहे. १९२० च्या दशकात बॅकबे भराव योजनेत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायचे ठरले. भिंत घालायची आणि बंदराच्या तळातून उपसलेला गाळ नळांनी आणून तिच्या आत भरायचा, अशी रीत होती. उपसा अंदाजाप्रमाणे मिळाला नाही, भिंतीतून गाळ निसटू लागला आणि खर्च वाढत गेला. खुर्शेद नरिमन यांनी त्यावर रान उठवले, १९२६ मध्ये मिअर्स समिती नेमली गेली आणि योजनेचा अर्ध्याहून अधिक भाग सोडून द्यावा लागला. आजचा मरीन ड्राइव्ह हा त्या योजनेचा पुरा झालेला तुकडा आहे. तिथे संध्याकाळी फिरणाऱ्यांना तो सुंदर वाटतो, आणि तो आहेही.

मोजणी कशी करतात

मोजणीची रीत समजली म्हणजे ती कुणाकडे आणि कशी मागायची हे कळते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

प्रथम किनाऱ्यावर, लाटा पोचणार नाहीत अशा जागी, पक्के दगड किंवा काँक्रीटचे खुंट रोवतात. दोन खुंटांत ५० ते १०० मीटर अंतर ठेवतात. प्रत्येक खुंटापासून समुद्राकडे काटकोनात एक रेषा कल्पून तिच्यावरच मोजणी करायची. दर वेळी तीच रेषा. कंटूर बांधाच्या आखणीसाठी आपण डंपी लेव्हल लावतो, तशीच इथे कोरड्या भागाची पातळी घेतात. आता उपग्रहाच्या संकेतांवर चालणारी, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगणारी उपकरणेही वापरतात.

त्यापुढचा भाग होडीतून. पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून तळाला टेकवत आणि वावांत खोली मोजत. आता इको साउंडर नावाचे यंत्र होडीला लावतात. ते पाण्यात आवाजाची लहर सोडते आणि तळावरून परत येणारा प्रतिध्वनी पकडते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. साडेसात मीटर खोली असेल तर जाऊन-येऊन १५ मीटर, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्या बारीक वेळावर सारे अवलंबून असते. पाण्याचे तापमान आणि खारटपणा बदलला की आवाजाचा वेगही बदलतो. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी लोखंडी पट्टी मोजलेल्या दोरीने यंत्राखाली सोडून त्याचा आकडा पडताळतात. वजनकाटा लावण्याआधी प्रमाणित वजन ठेवून पाहावे, तसेच हे.

सर्वांत अवघड भाग यांच्या मधला. जिथे लाटा फुटतात तिथे होडी जात नाही आणि माणूस उभा राहू शकत नाही. नेमका तिथेच वाळूचा बांध असतो. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील डक येथील संशोधन केंद्राने यासाठी सुमारे दहा मीटर उंचीची तीन पायांची, तीन चाकांची गाडी वापरली. चालक वर बसतो आणि गाडी लाटांतून तळावरून चालत समुद्रात जाते. उंच पायांचा ट्रॅक्टरच म्हणा ना. आपल्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही, कारण निसर्गाने मुंबईला एक सोय करून दिली आहे. मोठ्या उधाणाला इथे भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीला जो भाग उघडा पडतो तिथे चालत जाऊन पातळी घ्यायची, आणि शांत दिवशी पूर्ण भरतीला त्याच भागावरून होडी नेऊन पुन्हा खोली घ्यायची. दोन्ही मोजण्यांचा काही पट्टा एकमेकांवर आला पाहिजे. तिथले आकडे जुळले तर काम विश्वासाचे. न जुळले तर कुठेतरी चूक आहे, आणि ती किनाऱ्यावर असतानाच शोधावी.

आता भरती-ओहोटीची दुरुस्ती. होडीतून मिळते ती त्या घटकेच्या पाण्याची खोली. त्यातून त्या घटकेची पाण्याची उंची वजा केल्याशिवाय तळाची पातळी निघत नाही. मुंबईत अपोलो बंदरच्या मापकावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदलेली आहे. हिंदी महासागरातील इतकी जुनी नोंद क्वचितच आढळते. इथे एक घोटाळा टाळायला हवा. जमिनीच्या नकाशातील उंची सरासरी समुद्रपातळीपासून धरलेली असते. सागरी नकाशातील खोली मात्र अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून धरतात. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. अहवालात कोणते शून्य वापरले आहे ते लिहिले नसेल, तर तो अहवाल बाजूला ठेवावा. सागरी नकाशांवर सर्वस्वी विसंबूही नये. ते जहाजांसाठी असतात. जहाज जिथे जात नाही त्या उथळ पट्ट्यात आकडे विरळ आणि पुष्कळदा जुने असतात.

खोलीबरोबर तळाचा नमुनाही घ्यावा लागतो. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूपेक्षा चिखल जास्त आढळतो. चिखलाचा वरचा थर ताकासारखा पातळ असेल तर आवाजाची बारीक लहर त्याच्या वरूनच परतते आणि जाड लहर खालच्या घट्ट थरापर्यंत जाते. म्हणून दोन प्रकारच्या लहरी सोडून दोन्ही आकडे पाहतात. शिवाय वाळूचा थर किती जाड आणि खाली खडक कुठे, हे पाहण्यासाठी पाण्याच्या जोरावर पाइप तळात घुसवतात. दीड फूट वाळू आणि खाली काळा पाषाण, अशी स्थिती असेल तर ती पुळण म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे दुकान होय.

वाळू कोणत्या दिशेने सरकते हे मोजण्याचीही रीत आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबई बंदरात स्कँडियम-४६ हे किरणोत्सारी द्रव्य काचेच्या भुकटीत मिसळून तळावर सोडले आणि ती भुकटी कुठे गेली याचा मागोवा घेतला. ८४ दिवसांत त्याची किरणशक्ती निम्मी होते, म्हणजे कामापुरती टिकते आणि नंतर ओसरते. हे काम खर्चाचे असल्याने बंदरांसाठीच होते. गावच्या पुळणीला वारंवार केलेली साधी मोजणी पुरेशी आहे.

दहा सेंटिमीटरची किंमत

मोजणी इतकी काटेकोर का हवी, ते एका हिशेबाने पटेल. समजा एक किलोमीटर लांबीची पुळण २० मीटरने रुंद करायची आहे. पुळणीचा वरचा कट्टा शून्यापासून तीन मीटर वर आणि पाण्याखालचा बांध पाच मीटर खाली धरला, तर एकूण उंची आठ मीटर. वाळू कालांतराने या साऱ्या उतारावर पसरणार असल्याने प्रत्येक चौरस मीटर रुंदीसाठी आठ घनमीटर वाळू लागेल. एकूण १,६०,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा हे ५६ हजार ब्रास झाले.

आता एवढी वाळू बहुधा वरच्या कोरड्या भागात आणून टाकतात. त्या दिवशी पुळण ठरवल्यापेक्षा कितीतरी रुंद दिसते, फोटो निघतात. पहिल्या पावसाळ्यानंतर तिचा मोठा भाग पाण्याखाली उतरतो. लोक म्हणतात, वाळू वाहून गेली, पैसा पाण्यात गेला. ठेकेदार म्हणतो, मी तर सगळी टाकली होती. कोण खरे? तळाची मोजणी भर घालण्यापूर्वी, भर घातल्यावर लगेच आणि पावसाळ्यानंतर अशी तीनदा झाली असेल, तर वाळू उतारावर पसरली आहे की हद्दीबाहेर गेली आहे हे आकड्यांत दिसते. झाली नसेल तर भांडण कोर्टात जाते आणि पुळण आहे तिथेच राहते.

आणि मोजणीतच दहा सेंटिमीटरची चूक असेल तर? एक किलोमीटर लांब आणि ५०० मीटर रुंद पट्ट्यावर दहा सेंटिमीटर म्हणजे ५०,००० घनमीटर, साडेसतरा हजार ब्रासच्या वर. टाकलेल्या वाळूच्या जवळजवळ एक-तृतीयांश. एवढी वाळू कागदावर उगवते किंवा नाहीशी होते.

भर घालायची वाळू मूळ वाळूइतकी किंवा तिच्याहून थोडी जाड हवी. माती परीक्षणात आपण वाळू, पोयटा आणि चिकणमाती वेगळी करतो, तशीच चाळणी इथे लावतात. बारीक माल टाकला तर तो गढूळ पाणी होऊन निघून जातो आणि शेजारच्या कालवांच्या खडपांवर बसतो. वाळू कुठून काढायची हेही तपासले पाहिजे. पाण्याखालच्या बांधाच्या आतून काढलेली वाळू म्हणजे आपल्याच कणगीतले धान्य. ती वर टाकली तर खड्डा भरण्यासाठी समुद्र तीच पुन्हा खाली ओढतो. खाडीच्या मुखाशी होड्यांच्या वाटेसाठी वाळू काढतात, ती पुष्कळदा बांधकामाला जाते. ती तपासून, योग्य असल्यास, शेजारच्या पुळणीवर परत टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे. विशाखापट्टणमला बंदराच्या वाळूच्या सापळ्यातून उपसलेली वाळू शहराच्या पुळणीला देण्याची पद्धत आहे.

पुदुच्चेरीचे उदाहरण जास्त बोलके आहे. तिथे १९८० च्या दशकात बंदराचे धक्के बांधले गेले, उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी होऊन दगडांची रास उरली. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तळाचा आणि प्रवाहांचा अभ्यास करून २०१८ मध्ये पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडसर बसवला आणि वाळूची भर घातली. पुळण परत आली. नेदरलँड्समध्ये २०११ साली दोन कोटी घनमीटरहून अधिक वाळू एकाच जागी टाकून तिला लाटांनी आपोआप पसरवू दिले. हे धाडस त्यांनी केले ते वर्षानुवर्षांच्या मोजण्या हाताशी होत्या म्हणून. अमेरिकेतील ईरी सरोवर गोड्या पाण्याचे, तिथे भरती-ओहोटी नावालाच. तरीही प्रेस्क आयल या वाळूच्या पट्टीसमोर १९९२ पर्यंत ५५ तुटक बांध घालावे लागले आणि वाळूची भर चालूच ठेवावी लागली. भर एकदा घातली आणि काम संपले, असे कुठेच झालेले नाही. खतासारखेच आहे ते.

गावाने काय करावे

पाण्याखालची मोजणी गावाच्या आवाक्यातील नाही. ती मेरीटाइम बोर्डाकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे मागावी लागेल. १९१६ साली सुरू झालेले, पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र अशा कामांचा अभ्यास करते. मागणी करताना ग्रामसभेच्या ठरावात तीन गोष्टी लिहाव्यात. मोजणी मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, अशी दोनदा व्हावी. ती पाण्याखालच्या बांधापर्यंत जावी. आणि खुंटांच्या जागा व आकडे ग्रामपंचायतीला मिळावेत. कोणत्या ठिकाणी खडप, कुठे चिखल, कुठे वाळू हे मोजणी करणाऱ्यांना सांगायला गावातला एक जाणता कोळी होडीवर असावा. त्याने अर्धे श्रम वाचतात.

कोरड्या भागाची मोजणी मात्र तुम्ही स्वतः करू शकता. एमरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुचवलेली रीत शाळेतील मुलांनाही जमते. दीड मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. दोन काठ्यांमध्ये दोन मीटरची, ताण पडल्यावर न वाढणारी दोरी बांधा. सुरूच्या मागे पक्का खुंट रोवा आणि तिथून सुरुवात करा. एकाने काठी खुंटाशी उभी धरायची, दुसऱ्याने दोरी ताणून समुद्राच्या बाजूला. जमीन समुद्राकडे उतरत असेल तर मागच्या माणसाने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिजाची रेषा एका ओळीत आणून नजर आपल्या काठीवर कुठे येते ते वाचायचे. तो आकडा म्हणजे दोन मीटरमध्ये झालेला उतार. जमीन चढत असेल तर आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहून पुढच्या काठीवरचा आकडा वाचायचा. मग मागची काठी पुढच्या जागी न्यायची. चाळीस वेळा दोरी टाकली की ऐंशी मीटर झाले. सारे उतार-चढ क्रमाने मांडले की पुळणीचा उभा छेद कागदावर उतरतो.

हे काम अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, पुऱ्या ओहोटीच्या सुमारास करावे, म्हणजे जास्तीत जास्त भाग उघडा मिळतो. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा आपला जुना हिशेब ढोबळ कामाला ठीक आहे. त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून छापील भरतीचे वेळापत्रक पाहावे. पाण्यात कंबरेच्या पुढे जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर पाण्यात मुळीच उतरू नये.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीकडील माड-पोफळीच्या बागा झोपवल्या. झाडांचे पंचनामे झाले. पुळण किती खाली गेली याचा पंचनामा करायला आधीचा आकडा हवा होता. ज्या गावाकडे दोन काठ्या आणि मोजणीची वही असेल, त्याला पुढच्या वेळी तो दाखवता येईल. वहीत दर मोजणीला तारीख, तिथी, वेळ, खुंटाचा क्रमांक, काठी धरणाऱ्यांची नावे आणि आधीच्या आठवड्यातील वाऱ्याची दिशा लिहावी. शक्य असल्यास खुंटापाशी उभे राहून समुद्राकडे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन फोटो घ्यावेत. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी.